काकूंनी न उघडलेली पिशवी

"वांगी कुठंयत?" मी विचारलं.

"खाल्ली," फेगडे वहिनी म्हणाल्या.

"आणि मेथी?"

"ती तर दुसऱ्याच दिवशी. पानांनी मान टाकली होती गं. डोळ्यांदेखत कशी वाळू द्यायची?"

"वहिनी, तीच तर परीक्षा होती. वाळते की नाही तेच बघायचं होतं."

"मग बघितलं ना मी. वाळायला लागली तशी चिरली." फेगडे वहिनींनी दोन्ही पिशव्या माझ्या हातात ठेवल्या. साबणानं धुतलेल्या, दोरीवर वाळवलेल्या, वर घडी घातलेल्या. "पिशवी मात्र झकास आहे हो तुमची. अजून असतील तर दे दोन-चार. डाळी ठेवायला होतील."

जळगावातली ही गोष्ट. होळी नुकतीच होऊन गेली होती आणि ऊन डोक्यावर यायला लागलं होतं. मी बी.एस्सी. होऊन नारखेडेशेठच्या कारखान्यात लागले होते. आमच्या कॉलनीतली कारखान्यात नोकरी करणारी पहिली मुलगी मीच, त्यामुळे माझा तोरा काही विचारू नका. कारखाना प्लॅस्टिकच्या चटयांचा. पण नारखेडेशेठना वेगळं काहीतरी करायचा किडा होता. त्यांनी चटयांचं एक मशीन बंद करून पिशव्यांचं आणलं होतं. फळं आणि भाज्या आतल्या आत एक वायू सोडतात, त्यानं त्या पिकतात आणि मग सडतात. तो वायू शोषून घेणारी एक पांढरी माती शेठनी पिशवीच्या प्लॅस्टिकमध्येच मिसळली होती. पिशवी दिसायला दुधाळ, हाताला थोडी खरखरीत. शेठ ती कायम खिशात बाळगत आणि समोर जो येईल त्याच्या नाकाखाली धरत.

"वास येतो काही?" ते विचारत.

"नाही शेठ."

"नाही ना? मग झालं."

कारखान्यात पिशवी पास झाली होती. पण माल उचलणारे पुण्याचे देवधर तेवढ्यावर ऐकेनात. कारखान्यातल्या गोष्टी मला सांगू नका, ते म्हणाले, बायकांच्या स्वयंपाकघरात ठेवून दाखवा. एका घरात जरी ही पिशवी चाललेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली तर माल घेतो, नाहीतर रामराम. देवधरांनी नाही म्हटलं असतं तर मशीन बंद, आणि त्या मशीनसाठी ठेवलेली मीही घरी. इतका साधा हिशेब होता.

म्हणून कॉलनीतल्या घराघरात मी दोन-दोन पिशव्या दिल्या होत्या. एक आमची, एक बाजारातली साधी. दोन्हींत एकाच दिवशी, एकाच हातगाडीवरून घेतलेली भाजी. हिरवी भरिताची वांगी, टोमॅटो, गवार, मेथीची जुडी, मिरच्या, लिंबं. तोंड बांधायचं, ओट्याखाली ठेवायचं आणि आठवडाभर हात लावायचा नाही. फ्रिज तेव्हा कॉलनीत दोघा-तिघांकडेच होता, तिथं मी गेलेच नाही. नियम मी प्रत्येक घरी नीट समजावून सांगितला होता. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

आणि आता आठवडा संपल्यावर मी पिशव्या गोळा करत फिरत होते.

पुढच्या घरातल्या भोळे वहिनींनी गवार शेजारच्या बाळंतिणीकडे पाठवली होती. "तिला नको का काही चांगलंचुंगलं?" त्याच्या पलीकडच्या घरी साध्या पिशवीतले टोमॅटो मऊ पडले म्हणून त्यांचं सार झालं होतं, आणि मग एवढ्याशा साराला बरोबर काहीतरी हवं म्हणून दुसऱ्या पिशवीचंही तोंड सुटलं होतं. पण कळस केला तो वाणी मावशींनी. त्यांच्या घरी आमची पिशवी भरलेली बघून माझा जीव भांड्यात पडला. वांगी नुसती चकाकत होती. आठवड्यापूर्वीपेक्षा ताजी.

मग माझ्या लक्षात आलं. आत गेली होती ती हिरवी वांगी. ही जांभळी होती.

"मावशी, ही बदललीत तुम्ही."

"तुला वाईट वाटू नये म्हणून गं," त्या म्हणाल्या. "तुझी खाऊन टाकली होती. मग सकाळी उठून ही आणून ठेवली. हिरवी मिळालीच नाहीत."

हसावं की रडावं तेच कळेना. चार शिकलेल्या बायका, नियम पाठ म्हणून दाखवणाऱ्या, पण घरात आलेली भाजी सडेपर्यंत बघत बसायची म्हटल्यावर एकीचाही हात आवरेना. आमच्याकडच्या बाईला उपास सांगा, करील. मौन सांगा, तेही जमवील एखादे वेळी. पण ही असली परीक्षा तिच्यानं व्हायची नाही, हे शेठच्या आणि माझ्या डोक्यात आधी यायला हवं होतं.

शेवटचं घर कुमुदकाकूंचं राहिलं होतं. तिथं जायला माझे पायच निघेनात.

कुमुदकाकू म्हणजे कुमुदिनी अत्तरदे. आमच्या घरापासून तिसरं घर. माझी आई सिव्हिल हॉस्पिटलात नर्स होती, तिच्या पाळ्या बदलत राहायच्या, त्यामुळे लहानपणी शाळेतून आले की मी दप्तर आमच्या ओट्यावर टाकायची आणि जेवायला काकूंकडे. मी निम्मीअधिक काकूंच्याच भाकरीवर वाढले. आणि काकू म्हणजे काटकसरीचा कहर. दोडक्याच्या शिरांची चटणी, मेथीच्या देठांचा झुणका, कलिंगडाच्या पांढऱ्या गराची भाजी. शेंगदाण्याची सालंसुद्धा त्या झाडांना घालत. कोथिंबिरीची काडी केरात दिसली तर काका घाबरून इकडेतिकडे बघत. पोस्टातून रिटायर झाल्यावर काका रोज सकाळी बाजारात जाऊन भाजी आणायचे आणि काकू ती अशी संपवायच्या की मागे पुरावा उरायचा नाही.

काका दिवाळीनंतर गेले. हृदयविकारानं, बाजारातून येताना, रस्त्यातच. मुलगी मीनल सुरतेला, ती महिनाभर राहून गेली, चल माझ्याकडे म्हणाली, काकू गेल्या नाहीत. पहिले दिवस कॉलनीतल्या घराघरातून पिठलं-भाकरी गेली. मग तेरावं झालं आणि जो तो आपल्या कामाला लागला. काकू वाळल्या होत्या, पण दुःखात माणूस वाळतंच, असं सगळे म्हणत. त्या साली त्या पापड-कुरडयांना आल्या नाहीत, आणि वर्षाच्या आत करत नाहीत म्हणून कुणी बोलावलंही नाही. बाकी अंगण झाडलेलं, लुगडं स्वच्छ, बोलणं पूर्वीसारखं. सावरल्या हो अत्तरदे बाई, असं लोक म्हणायचे, आणि मीही म्हणायचे.

शेठना मी आधीच बजावलं होतं, त्या घरात पिशवी देण्यात अर्थ नाही, तिथं दुसऱ्या दिवशी बियासुद्धा उरणार नाहीत. शेठ म्हणाले, "दे ना. एक घर वाढलं तर काय बिघडतं?"

"ये गं," मला दारात बघून काकू म्हणाल्या. "तुझीच वाट बघत होते."

"पिशव्या धुऊन ठेवल्यात ना?"

"धुवायच्या कशाला? तूच म्हणालीस ना, हात लावायचा नाही."

मी ओट्याखाली वाकून बघितलं. दोन्ही पिशव्या जिथं ठेवल्या होत्या तिथंच होत्या. गाठी माझ्याच हातच्या. साध्या पिशवीत खाली काळपट पाणी साचलं होतं, मेथीचा चिखल झाला होता, टोमॅटो फुटून वांग्यांना चिकटले होते. आणि शेजारी आमची पिशवी. वांगी टणक, देठ हिरवे. मिरच्यांचा रंगसुद्धा उतरला नव्हता. मेथी तेवढी पिवळसर पडली होती, पण उभी होती.

मी काकूंना मिठीच मारली. "काकू, तुम्ही वाचवलंत मला."

"नियम पाळला बरं का मी," काकू म्हणाल्या.

मी धावत कोपऱ्यावरच्या दुकानात गेले आणि शेठना फोन लावला. अर्ध्या तासाच्या आत ते स्कूटरवरून हजर. ओट्यासमोर उकिडवे बसले आणि एकदा या पिशवीकडे, एकदा त्या पिशवीकडे बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"मावशी," ते म्हणाले, "अख्ख्या कॉलनीत तुम्ही एकट्या शिस्तीच्या निघाल्या. बाकी सगळ्यांनी खाऊन टाकलं हो."

"खाणारच. त्यांची घरं भरलेली आहेत."

"सोमवारी सकाळी देवधर येऊन राहिले पुण्याहून. त्यांना सरळ इथंच आणतो. जशी आहे तशी दाखवू. तोवर दोन दिवस सांभाळा. कुणाला हात लावू देऊ नका."

"नाही लावत कुणी," काकू म्हणाल्या. "मला तरी काय करायची आहे?"

परत निघताना शेठ स्कूटर सुरू करायची विसरून तिच्यावर बसूनच राहिले. "उज्ज्वला," ते म्हणाले, "अशा आणखी दोन बायका मिळाल्या असत्या ना, तर देवधरांना पाया पडायला लावलं असतं मी." मी हसले. त्या संध्याकाळइतकी मी क्वचितच खूश असेन.

घरी आई ड्यूटीवरून आली होती. जेवताना मी तिला सगळं रंगवून सांगितलं. फेगडे वहिनींची मेथी, भोळे वहिनींची बाळंतीण. वाणी मावशींच्या जांभळ्या वांग्यांवर तर आईला ठसका लागला. मग मी काकूंचं सांगितलं.

"आणि साध्या पिशवीतली?" आईनं विचारलं.

"ती पार सडली. पाणी सुटलं होतं नुसतं. म्हणून तर फरक इतका..."

आईचा हात ताटातच थांबला.

"कुमुदच्या घरात मेथी सडली?" ती म्हणाली.

भाकरीचा तुकडा तोंडात तसाच राहिला. ओट्याखालचं ते काळं पाणी मी संध्याकाळभर आनंदानं आठवत होते, आणि आता तेच आठवून मी ताट बाजूला सारलं.

"उद्या माझी दिवसपाळी आहे," आई म्हणाली. "तू जा. जेवायच्या वेळी जा."

रविवारी दुपारी मी गेले. दार उघडंच होतं. काकू खिडकीपाशी जुना पेपर वाचत बसल्या होत्या. कॉलनीत त्या वेळी घराघरातून फोडणीचा वास येतो. या घरातून काहीच येत नव्हता.

"जेवलात काकू?"

"हो, मघाशीच."

"काय केलं होतंत?"

"केलं होतं काहीतरी. बस, चहा टाकते."

"मी पाणी घेते," म्हणून मी आत गेले. ओटा लखलखीत होता. शेगडीवर दुधाचं एवढंसं पातेलं, बाजूला टोस्टचा डबा. काकूंची काटवट, ज्यात त्या भाकरीचं पीठ मळायच्या, ती भिंतीला टेकून उभी होती, आणि काटवट आणि भिंत यांच्यामध्ये कोळ्यानं जाळं विणलं होतं. मी ज्वारीच्या पिठाचा डबा उघडला. पिठाच्या गुठळ्या होऊन त्यांना जाळी लागली होती.

मागे काकू येऊन उभ्या होत्या. मी डबा उघडा धरून वळले तशा त्या दुसरीकडे बघायला लागल्या.

"काकू, मला भूक लागलीय," मी म्हटलं. ते खरंही होतं. आदल्या रात्रीपासून माझ्या घशाखाली काही उतरलं नव्हतं.

"आई नाही का घरी?"

"दिवसपाळी आहे."

"मग फेगड्यांकडून आणू का तुझ्यापुरतं? आज त्यांच्याकडे वरण-बट्टी असेल."

"मला तुमच्या हातचं भरीत पाहिजे."

"अगं, घरात वांगी कुठून..." काकू बोलता बोलता थांबल्या. दोघींनीही ओट्याखाली बघितलं.

"नाही हं," त्या म्हणाल्या. "ती नाही. उद्या तो पुण्याचा माणूस यायचाय. तुझी नोकरी आहे त्यावर."

मी खाली बसले आणि पिशवीच्या गाठीला हात लावला. खरं सांगते, हात तिथंच थांबला. शेठचे भरून आलेले डोळे मला दिसत होते. मशीन दिसत होतं. कारखान्याच्या दारातली माझी सायकल दिसत होती, आणि तिच्यावरून मान वर करून कॉलनीत शिरणारी मी दिसत होते. एकच दिवस काढायचा होता. उद्या देवधर येतील, बघतील, जातील, मग रोज दुपारी इथं येऊन जेवता आलं असतं.

"राहू दे ना गं ती," काकू म्हणाल्या. आवाज इतका लहान होता की मी वर बघितलं. "मला बरं वाटतं ती तशी असली की."

"म्हणजे?"

काकू दाराच्या चौकटीला टेकून खाली बसल्या.

"दिवाळीपासून येणारा प्रत्येक जण एकच सांगतो. काकू, जेवत जा. काहीतरी करून खात जा. मीनलच्या पत्रातसुद्धा तेच. तू एकटी अशी आलीस की म्हणालीस, करू नका, उघडू नका, तशीच राहू द्या. मला इतकं हलकं वाटलं. भाजी घरात आहे आणि करायची नाही. कुणी विचारलं तर सांगायला झालं, की उज्ज्वलाची परीक्षा आहे."

"पण काकू, का?"

"करून पाहिलं गं मी. सुरुवातीला रोज करायची. एकटीपुरतं म्हणून मूठभर पीठ घ्यायची, एकच वांगं भाजायची. तरी दोघांचंच व्हायचं. हाताला दुसरं मापच ठाऊक नाही. मग त्यांच्या वाटणीचं उरायचं." काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "शिळं मी जन्मात कधी टाकलं नाही, तुला माहीत आहे. पण ते टाकवेना आणि खाववेना. झाकून ठेवायची, नुसती बघत बसायची. मग ठरवलं, करायचंच नाही. केलंच नाही म्हणजे उरायचं नाही."

त्या रडल्या नाहीत, मी मात्र रडले. आणि रडता रडताच ती गाठ दातानं सोडवली, कारण आठवड्यापूर्वी मीच ती करकचून बांधली होती.

"अगं, काय केलंस हे?" काकू म्हणाल्या.

पिशवीचं तोंड उघडलं आणि मिरच्यांचा, लिंबांचा, हिरव्या देठांचा ताजा वास आला. मी वांगी एकेक करून ओट्यावर मांडली.

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही त्यात अडकायला नको. सोमवारी सकाळी शेठ इस्त्रीचा शर्ट घालून देवधरांना घेऊन आले, तेव्हा आमची पिशवी अंगणातल्या दोरीवर धुऊन वाळत होती. ती काकूंनीच धुतली होती. ही भाजी त्याच पिशवीतली आहे, म्हणून त्यांनी देवधरांना उरलेली गवार आणि लिंबं दाखवली. देवधर सभ्य माणूस होता. तो म्हणाला, "बाई, तुमच्यावर माझा विश्वास आहे. पण हे मी दुकानदारांना कसं सांगू?" आणि नमस्कार करून तो गेला.

शेठना मी बाहेर रस्त्यावर, त्यांच्या स्कूटरपाशी उभं राहून सगळं खरं ते सांगितलं. काकूंचं, पिठाच्या डब्याचं, उरणाऱ्या भाकरीचं. ते ओरडतील म्हणून मी तयारीत होते. शेठ बराच वेळ हातातली पिशवी चुरगाळत, उलगडत राहिले.

"म्हणजे तू पण त्या बायकांतलीच निघाली," ते म्हणाले.

"हो शेठ."

"भरीत कसं झालं होतं?"

"चांगलं झालं होतं."

"आठ दिवसांच्या वांग्यांचं?"

"कालच्या वाटली असती."

शेठनी मान हलवली, स्कूटरला किक मारली आणि गेले. त्यांनी आणखी एक-दोन व्यापारी पाहिले, पण जमलं नाही. उन्हाळा संपायच्या आत पिशव्यांचं मशीन विकलं गेलं, चटया सुरू झाल्या आणि मी घरी बसले. वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं, शेठसाठी जास्त. पुढं मला शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी लागली आणि तिथंच मी रिटायर झाले. हल्ली माझी सून तशाच पिशव्या मागवते, हिरव्या रंगाच्या. त्यात कोथिंबीर ठेवते आणि मला कौतुकानं दाखवते. मी त्या हातात घेऊन बोटांनी चोळून बघते आणि शेठ आठवतात. ते आज असते तर नक्की नाकाखाली धरून विचारलं असतं, वास येतो काही?

पण मला सांगायचं होतं ते रविवारचं.

मी धावत जाऊन आमच्या घरून कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ आणलं. परत आले तर काकूंनी खराब पिठाचा डबा अंगणात नेऊन कागदावर उपडा केला होता.

"टाकून द्या ना ते," मी म्हटलं.

"टाकायचं कशाला? उन्हात घालते. चाळून खळ होईल लुगड्यांना."

मागच्या अंगणात आम्ही तुरीच्या काड्या पेटवल्या आणि वांगी भाजली. साल काळी पडून तडकायला लागली तसा तो धुरकट गोड वास कॉलनीभर गेला असणार, कारण कुंपणावरून फेगडे वहिनींचं डोकं वर आलं.

"अत्तरदे बाई, भरीत?"

"हो. पोरीला भूक लागलीय," काकू म्हणाल्या आणि काड्या पुढे सारल्या. फेगडे वहिनी आणखी काहीतरी विचारणार होत्या, पण माझ्या चेहऱ्याकडे बघून गुपचूप खाली गेल्या. त्या बाईनं आयुष्यात गुपचूप केलेलं ते एकच काम असेल.

लाकडाच्या बडगीत काकूंनी वांगी आणि भाजलेल्या मिरच्या ठेचल्या. मी काटवट पुसून दिली. पहिली भाकरी थापताना कडा फाटत होत्या. त्यांनी गोळा मोडला, परत मळला, परत थापला. तिसऱ्या भाकरीला हात बसला आणि मग तो त्यांचा थापण्याचा आवाज सुरू झाला. लहानपणी मी बाहेर खेळत असताना तो ऐकून भूक लागायची.

काकूंनी दोन ताटं घेतली. एक माझ्यासमोर ठेवलं. दुसरं हातात घेऊन क्षणभर उभ्या राहिल्या, मग माझ्याजवळ मांडून बसल्या. पहिला घास त्यांनी बराच वेळ चावला. मला वाटलं, गिळत नाहीत आता. पण गिळला, आणि दुसरा घेतला. मग मिरची जास्त झालीय म्हणाल्या आणि तरी आणखी वाढून घेतलं. मी इतकं जेवले की श्वास घेता येईना. काकूंच्या त्या दोघांच्या मापाचा शेवटचा भाकरीचा चतकोर मी बडगीला फिरवून पुसून खाल्ला. काही म्हणजे काही उरलं नाही.

काकूंनी रिकाम्या बडगीत डोकावून बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग परत बडगीत.

भांडी मी घासते म्हटलं तर त्यांनी हाकललं. मी चपला घातल्या. अंगणाच्या फाटकापर्यंत पोचले असेन, तेव्हा मागून हाक आली.

"उज्ज्वला."

मी वळले. काकू दारात उभ्या होत्या. मनगटाला कोरडं पीठ तसंच होतं.

"उद्या काय करू गं?"

"गवार आहे अजून," मी म्हटलं.

"मग वेळेवर ये," काकू म्हणाल्या. "ताट वाढून मी ताटकळत बसणार नाही."